मागच्या सीटवरचा पोलीस

झेलिपा साकालाने सीमा ओलांडली तेव्हा गाडीत सगळं जागच्या जागी होतं. गाडी बंद पडली तर मागे ठेवायचे दोन लाल त्रिकोण, पिवळं जाकीट, विम्याचा कागद. चिपाटाहून सीमेपलीकडच्या टेटेला जाताना पोलीस कशाकशावरून अडवतात, हे ती शिकवायची त्या शाळेतल्या सहकाऱ्यांनी तिला नीट पढवलं होतं. शेजारी सासू एनेलेसी सुक्या मासळीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. टेटेला सासूच्या धाकट्या बहिणीने अंथरूण धरलं होतं.

गोरखचिंचेच्या सावलीतून एक पोलीस रस्त्यावर आला आणि त्याने हात आडवा केला. त्रिकोण पाहिले, जाकीट पाहिलं, मग वाकून तिच्या पायांकडे पाहिलं.

"चपला घालून गाडी चालवता, बाई? इथे गुन्हा आहे तो. दोन हजार मेटिकाल."

"पावती द्या, भरते," झेलिपा म्हणाली.

"पावती चौकीवर मिळेल." त्याने तिचा परवाना खिशात टाकला, मागचं दार उघडलं आणि सरळ आत बसला. "चला, मी वाट दाखवतो."

झेलिपाने गाडी सुरू केली. सासू मात्र मागे वळली. "लेकरा, आजाऱ्याला भेटायला निघालोय आम्ही. हजारावर भागव."

"आई, एक पैसा द्यायचा नाही."

"तू रस्त्याकडे बघ," म्हणत सासूने कमरेच्या गाठीतून नोटा काढल्या. त्याने त्या घेतल्या, पण उतरायचं नाव नाही.

"मला पुढच्या गावाला जायचंय. तिथे परवाना देतो," तो आरामात टेकत म्हणाला. "आजी, शेंगा आहेत का हो?"

सासूने त्याला शेंगाही दिल्या. टरफलं तो गाडीतच टाकत होता.

वळण संपलं आणि समोर पोलीस चौकीचा आडवा बांबू दिसला. मागचं कुडूमकुडूम एकाएकी थांबलं.

"बाई, गाडी मागे फिरवा."

"का?"

"फिरवा म्हणतो ना." त्याचा आवाज पार चिरका झाला होता. आरशात झेलिपाला दिसलं, तो टोपी काढून सीटखाली सारत होता. शर्टाला बिल्ला नव्हता. खालची निळी पँट कुठल्यातरी गोदामातल्या हमालाची असावी. इतका वेळ आपण कुणाला घेऊन चाललो होतो?

"आजी, मी तुमचा भाचा आहे म्हणून सांगा. पाया पडतो."

तोवर बांबूपाशी गाडी थांबलीच. एक पोक्त हवालदार खिडकीशी आला. झेलिपा घाईघाईने म्हणाली, "साहेब, हा माणूस तोतया पोलीस आहे. माझा परवाना यानेच घेतलाय."

हवालदाराच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्याने मागे वाकून पाहिलं. "फाउस्टिनो. उतर."

हवालदाराने त्याचे खिसे उलटे केले. झेलिपाचा परवाना तिला परत दिला. नोटा निगुतीने सरळ केल्या आणि स्वतःच्या खिशात घातल्या.

"त्यातले हजार माझे आहेत," सासू म्हणाली.

"असतील. मग तक्रार लिहून घेतो, आजी. साहेब येईपर्यंत बसावं लागेल. ते परवा येतात."

सासूने कमरेची गाठ पुन्हा आवळली. हवालदाराने फाउस्टिनोच्या गालावर हलकीशी चापट मारली, जशी घरातल्याला मारतात. "माझा वाटा बुडवून गावाला निघालास? जा, झाडाखाली उभा राहा. अजून दिवस मावळायचाय."

झेलिपाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. फाउस्टिनो मात्र मान खाली घालून तिच्या खिडकीपाशी आला. "बाई, टोपी राहिली."

तिने स्टीअरिंग सोडलं नाही. सासूनेच वाकून टोपी काढून दिली.

संध्याकाळी टेटेला आजारी मावशीच्या उशाशी बसून सासूने सगळं सांगितलं. झेलिपाला वाटलं, आता घर हादरेल. मावशीने कूस बदलली. "झाडाखालचा ना? तो बरा आहे. नदीकडच्या वाटेवरचा मारतो."

मावशीच्या मुलीने एन्सिमाचं, मक्याच्या घट्ट उकडीचं ताट पुढे केलं. झेलिपाने घास मोडला आणि तसाच हातात धरून बसली. परतीची वाटही तीच होती.