सुदर्शन सरांचं सागवानी विमान

मित्रांनो, मी एक विमान आहे, पण आजवर एकदाही उडालेलो नाही. माझी लांबी जेमतेम हातभर. ओतूरच्या सावळेराम सुतारांनी एका दाराच्या उरलेल्या सागवानी फळीतून मला घडवलं. त्यांनी स्वतः विमान फक्त आभाळात पाहिलं होतं. गावचे सुदर्शन सर तेव्हा नुकतेच विमान उडवायला शिकवणारे प्रशिक्षक झाले होते. "शेपटीची पट्टी हलली पाहिजे हां," असं सरांनी बजावलं, म्हणून सावळेरामांनी तिला डबीची छोटी बिजागरी बसवली.

सत्तावीस वर्षं मी सरांच्या टेबलावर होतो. खऱ्या विमानात बसण्याआधी सर प्रत्येक विद्यार्थ्याला मला हातात धरून दाखवायचे. नाक वर केलं की काय होतं, वळताना कोणता पंख खाली जातो, सगळं माझ्यावरच. मग मुलं मला स्वतः वळवून पाहायची. त्यांच्या घामेजलेल्या बोटांनी माझा निळा रंग उडाला. एकदा पडून माझा डावा पंख मोडला, तो सरांनी चिकटवला. "सरांचं विमान" म्हणून सगळे मला ओळखायचे आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

मग वर्गात मोठे पडदे आले. त्यांच्यावर रंगीत विमानं फिरू लागली आणि मी कपाटावर गेलो. त्याच सुमारास सरांचा उजवा हात थरथरू लागला. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी त्यांचं उड्डाण थांबवलं. सर मला पिशवीत घालून ओतूरला घरी परतले. तिथे फडताळात, बियाण्यांच्या पाकिटांमागे मी चार वर्षं पडून होतो. सरही घरात फारसं बोलत नसत.

गेल्या दिवाळीनंतर लोणीची हर्षाली आली. ती सरांची शेवटची विद्यार्थिनी. तिला वैमानिकाचा परवाना मिळाला होता. आता तिला प्रशिक्षक व्हायचं होतं, पण त्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेत ती नापास झाली होती.

"काय चुकलं?" सरांनी विचारलं.

"परीक्षक विद्यार्थी होऊन बसले होते, सर. मी त्यांना शिकवायचं होतं. मी पुस्तक म्हणून दाखवलं. ते म्हणाले, तुम्हाला सगळं येतं, पण मला काही कळलं नाही."

दुसरी संधी दोन महिन्यांनी होती. उड्डाण शिकवणाऱ्या संस्थेने प्रशिक्षकाची जागा तिच्यासाठी तोवरच राखून ठेवली होती.

सरांनी फडताळ उघडून मला बाहेर काढलं आणि माझं नाक वर केलं. पण त्यांच्या हातात मी लटलटू लागलो. त्यांनी घाईने मला खाली ठेवलं. हर्षालीने मला अलगद उचललं.

"तुम्ही सांगा सर, मी धरते."

"नाही. धरायचंही तू आणि सांगायचंही तूच." मग त्यांनी आत हाक मारली, "अगं, जरा बाहेर ये."

सरांच्या पत्नी शकुबाई कांदे निवडायचं सोडून, हात पुसत आल्या. "हे इतकी वर्सं विमान उडवीत व्हते," त्या म्हणाल्या, "पर ते पडत कसं न्हाई, हे मला कुणी सांगितलंच न्हाई."

हर्षालीने सांगितलं. शकुबाई म्हणाल्या, "समजलं न्हाई, पोरी." तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. असे आठ-दहा दिवस गेले. एकदा तर ती मला टेबलावर ठेवून अंगणात जाऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. शकुबाईंनी तिला चहा दिला आणि परत आणून बसवलं.

त्या दिवशी ती सांगत होती, "नाक फारच वर केलं की वारा पंखाला धरून वाहत नाही, काकू. विमान खाली बसायला लागतं. तेव्हा नाक खाली करायचं."

"आता गं बया! पडत असताना आणखी खाली? माझा हात तर वरच वडंल."

हर्षालीने मला मांडीवर ठेवलं. सरांनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"माझ्याही हाताने वरच ओढलं होतं, काकू," ती हळूच म्हणाली. "पहिल्या वेळी मी नाक वर-खाली करायची दांडी पोटाशी आवळून धरली होती. डोळेसुद्धा मिटले. सर शेजारी होते, पण ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, 'हात सैल सोड, मी आहे.' मी हात सोडला. नाक खाली गेलं, वेग आला, पंखांना वारा मिळाला आणि विमानाने आम्हांला पेललं."

बोलता बोलता तिने मला शकुबाईंच्या हातात दिलं आणि त्यांच्या हातावर हात ठेवून माझं नाक खाली केलं.

"हां, आता समजलं," शकुबाई म्हणाल्या. "तुला भ्या वाटलं व्हतं, ते आदी सांग की!"

सरांनी चष्मा काढून पुसला. "असंच शिकव," ते म्हणाले.

पुढचा महिनाभर अंगणात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या शेजारी शेजारी मांडलेल्या असत. उजव्या खुर्चीत प्रशिक्षक म्हणून हर्षाली, डावीकडे विद्यार्थी म्हणून सर. सर मुद्दाम चुका करायचे. कधी त्यांचा हात खरंच थरथरायचा. चूक मुद्दाम की खरी, ते हर्षाली विचारायची नाही. शांतपणे सांगायची, "हात सैल ठेवा, आपण पुन्हा करू."

परीक्षेला तिने मला सोबत नेलं. परीक्षकांनी विचारलेल्या एका प्रश्नाला ती अडली. "हे मला आत्ता येत नाही," ती म्हणाली, "पाहून उद्या सांगेन." मग दोघे उडायला गेले आणि मी टेबलावर वाट पाहत राहिलो. तासाभराने परत आल्यावर परीक्षक म्हणाले, "वर आभाळात मी मुद्दाम दांडी ओढून धरली होती. तुम्ही घाबरला नाहीत, मलाही घाबरू दिलं नाहीत. पास आहात तुम्ही."

तिने तिथूनच ओतूरला फोन लावला. "सर, झालं!" पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मग शकुबाई बोलल्या, "हे रडत्यात गं. लई आनंद झालाय त्यांना. तू जेवलीस का?"

आता मी हर्षालीच्या टेबलावर असतो. मित्रांनो, जुन्या वस्तू जपायच्या म्हणजे काचेमागे ठेवायच्या, असं समजू नका. आम्हांला हातात घ्या, वळवून पाहा, आमचा रंग उडू द्या. आणि तुमच्या गावात एखादे थकलेले शिक्षक घरी बसून असतील, तर त्यांच्याकडे जा. नुसतं पाया पडायला नको. तुम्हांला न येणारं काहीतरी विचारायला जा.