देवरावची न फुटणारी गोळी

"हिच्यावरून रोड रोलर नेला ना, तं रोलर पंक्चर होईन!" असं म्हणत देवरावनं लोखंडी गोळ्यांची बशी प्रयोगशाळेच्या थोरल्या साहेबांच्या खोलीत, कूलरसमोर ऐटीत मांडली.

सदर भागातल्या त्या प्रयोगशाळेत देवराव लोखंडाच्या दगडाची भुकटी, चुनखडीची पूड आणि पाणी कालवून बोराएवढ्या गोळ्या वळायचा नि भट्टीत भाजायचा. दोन-तीन दिवसांत कारखान्याचे बाबूलालसाहेब येणार होते. गोळ्या पसंत पडल्या तर नव्या, मोठ्या भट्टीच्या कागदावर ते सही करणार. त्या भट्टीसाठी देवराव इतका झुरला होता, की बायकोनं शेवटी तिचं नाव विचारलं.

मे महिना. कूलर रात्रभर ओली हवा फेकत राहिला. सकाळी बशीत गोळ्या नव्हत्या, नुसती भुकटी.

"कमी भाजल्या तुम्ही," सोबतची केमिस्ट प्रेमिला म्हणाली. "चुना पोटात कच्चाच राह्यला. कूलरचं पाणी पिऊन फुगला, अन् गोळी फुटली."

"काहून? हजार डिग्रीच्या वर नेली होती ना भट्टी!"

"हजारानं चुना नुसता शेकतो, लोखंडात जिरत नाही, देवरावजी."

देवराव पेटला. दुसऱ्या घाण्यात त्यानं चुनखडी दुप्पट केली आणि काटा पुढे सरकेनासा होईपर्यंत भट्टी तापवली. चुना वाढला तशी गोळी लवकर पाघळली. दार उघडलं तर आत एकच काळी चिक्की, तीही ट्रेला चिकटलेली.

"हे कापून वाढता का साहेबाले?"

"हसा बाई, हसा."

हसता हसताच प्रेमिलानं चुनखडी निम्मी केली. आच अशी धरली की चुना पुरता जिरेल, पण गोळी पाघळणार नाही. घाणा उतरला. गोळ्या फरशीवर टणाटण उड्या मारू लागल्या. रात्रभर कूलरपुढे ठेवल्या, तरी जशाच्या तशा! देवराव टेबलाभोवती नाचला आणि अख्ख्या ऑफिसला तर्री-पोहे खाऊ घातले.

बाबूलालसाहेब आले. अंगानं दणकट, हातात पेन तयार.

"मजबूत आहे का गा?"

"उभेच राहून पाहा ना, साहेब!" म्हणत देवरावनं अख्खी परात फरशीवर ओतली.

साहेब गोळ्यांवर उभे राहिले.

गोळी एकही फुटली नाही. साहेबांचं उजवं मनगट मोडलं. सही राहून गेली.