दोन दिवसांचं शहाणं हृदय

माझं लाँड्रीचं दुकान आहे. कॉलरींवरचा मळ, काखेतले पिवळे डाग, हॉटेलांच्या चादरी, सगळं या हातांनी घासलंय. तेव्हा घामाची मला शिसारी नाही. पण आमच्या ह्यांच्या पळण्याच्या कपड्यांची पिशवी उघडली की अजूनही मी तोंड फिरवते, आणि खरं सांगायचं तर ते कपड्यांमुळे नाही.

हे विमा कंपनीत आहेत. चाळिशीत पोट सुटलं, रक्तदाब वाढला, म्हणून सकाळी पळायला लागले. पोट गेलं, रक्तदाब उतरला, माणूस जेवताना हसून बोलायला लागला. तिथेच थांबले असते तर दुधात साखर. पण मग ती पळणाऱ्यांची टोळी भेटली. सगळे पन्नाशीच्या आसपासचे, सगळ्यांच्या अंगात एकाच भडक हिरव्या रंगाचे बनियन, आणि म्होरक्या एक टकल्या, ज्याला हे लोक कप्तान म्हणतात. अर्ध्या तासाचे दोन तास झाले, दोनाचे चार. डोंगर पळत चढायचा, पळत उतरायचा, आणि कोणाला ओकारी झाली तर त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप मारायची. पळून पळून काळी पडलेली, गळलेली पायाची नखं कप्तानाने एका बाटलीत जमवलीत. आमच्याकडे जेवायला आला तेव्हा ती बाटली त्याने टेबलावर ठेवली. आमचे हे ती कौतुकाने हलवून बघत होते. मी वाढलेली ताटं उचलून आत नेली.

एका संध्याकाळी जिना चढताना हे मध्येच कठडा धरून उभे राहिले.

"छातीत काहीतरी तडफडतंय गं," म्हणाले. "पिशवीत जिवंत मासा असल्यासारखं."

मी मनगट धरलं. नाडीला काही धरबंधच नव्हता. दोन ठोके झटपट, मग गप्प, मग चारपाच एकमेकांच्या अंगावर.

दुसऱ्याच दिवशी ह्यांना ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला सडेतोड. "व्यायामाने हृदय सुधारतं, यात वाद नाही," त्या म्हणाल्या. "झपझप चालणाऱ्याला, बेताने पळणाऱ्याला हा त्रास नुसतं बसून राहणाऱ्यापेक्षा कमीच होतो. पण वर्षानुवर्षं, तासन्‌तास जीव खाऊन पळत राहिलं की काही जणांच्या हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. मग ताल बिघडतो. ताल बिघडला की आत रक्त साचतं, साचलं की गुठळी होऊ शकते. ती मेंदूकडे गेली तर अर्धं अंग लुळं पडतं."

"म्हणजे अति तिथे माती," मी म्हणाले.

"तसंच. पण आधी खात्री करू." त्यांनी ह्यांच्या छातीवर तारा चिकटवल्या आणि कमरेला एक छोटं यंत्र लावलं. ते दोन दिवस प्रत्येक ठोका टिपणार होतं. "रोज करता ते सगळं करा. पळासुद्धा. मला नेमकं तेच बघायचंय."

सरळ माणसाने तसं केलं असतं. पण शर्यतीच्या आधी काही दिवस पळणं जवळजवळ बंद ठेवायची या टोळीत रीत आहे. अंग ताजं राहतं, त्या दिवशी पाय हलके पडतात. कप्तानाचा फोन आला. आवाज इतका मोठा की मला स्वयंपाकघरात ऐकू आला. "हे यंत्र म्हणजेसुद्धा शर्यतच समज रे! पूर्ण विश्रांती घे." आणि आमचे हे रजा टाकून दोन दिवस सोफ्यावर आडवे झाले. चहा बंद, जिना बंद, माझ्याशी भांडणसुद्धा बंद. मी तोंड उघडलं की ओठांवर बोट ठेवून छातीकडे खूण करायचे.

रिपोर्ट अर्थातच लख्ख आला. हे शीळ वाजवत दवाखान्याच्या पायऱ्या उतरले.

"पास!"

"अहो, फसवलंत कोणाला?" मी विचारलं. "ते हृदय काय त्या बाईंचं आहे?"

"तुला नाही कळायचं. डोंगराच्या शर्यतीला डॉक्टरचा दाखला लागतो. उद्या सही करून देतायत."

इतकी किळस मला हॉटेलच्या चादरींचीही कधी आली नव्हती. चांगला शिकलासवरलेला माणूस, दुसऱ्यांच्या विम्याच्या अर्जातल्या लबाड्या पकडून पगार घेणारा. मी दुकानात गेले, इस्त्री लावली, आणि ती तापेपर्यंत डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं सांगून टाकलं. चहाडी म्हणा हवं तर.

त्यांनी ह्यांना पुन्हा बोलावलं आणि या वेळी स्वतः समोर उभं राहून ट्रेडमिलवर पळवलं. कागदावरच्या सरळ रेघा बघता बघता वेड्यावाकड्या झाल्या. गोळ्या सुरू झाल्या, शर्यती बंद. "चाला," त्या म्हणाल्या. "शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने. मग पुढचं बघू."

चालायचं! माणसाचा चेहरा असा पडला की वाटावं, कोणीतरी वारलंय. घरी येऊन माझ्याशी अबोला धरला. मी काही मनावर घेतलं नाही. गोळ्या समोर उभी राहून गिळायला लावत होते, तेवढं मला पुरे होतं.

त्या रविवारी सकाळी मी ह्यांना घेऊन बस डेपोच्या भिंतीलगतच्या रस्त्याने निघाले. पळायचे बूट घातले तर आज पळत का नाही असं कोणी विचारेल, म्हणून हे चपलांवर. आधी दोन पावलं मागे रेंगाळत होते. मग शेजारी आले. मग ऑफिसातल्या नव्या साहेबाची नक्कलसुद्धा केली. किती दिवसांनी मी खळखळून हसले. वाटलं, आला माणूस ताळ्यावर.

तेवढ्यात वळणावरून हिरवे बनियन आले.

ह्यांनी माझा हात झटकला आणि धावत सुटले. चपलांसकट. जणू घरापासून पळतच आलेत. "अहो, थांबा!" मी ओरडले. पालथ्या घड्यावर पाणी. "वा रे पठ्ठ्या!" कप्तान ओरडला, आणि टोळी ह्यांना मागे टाकून पुढे निघून गेली. हे डेपोच्या फाटकापर्यंत कसेबसे पोचले आणि फुटपाथच्या कडेवर मटकन बसले. मी पोचले तेव्हा तोंड राखेसारखं झालं होतं, ओठ निळसर. एक चप्पल मागेच राहिली होती. मनगट धरलं तर ठोका कुठला आणि थरथर कुठली ते कळेना. मी फोन काढला.

ह्यांनी माझा हात घट्ट धरला.

"थांब गं," धापा टाकत म्हणाले. "ते पुलाकडून वळून याच रस्त्याने येतील. ते गेले की मग कर फोन."

मला शिसारी आली. या माणसाची, त्या बनियनांची, आणि अशा माणसासाठी माझा जीव अजून तुटतो, त्याची सर्वांत जास्त. मी हात सोडवला, अँब्युलन्स बोलावली, आणि टोळी परत येताना दिसली तशी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

"थांबा! तुमचा माणूस पडलाय इथे!"

थांबले. एकूण एक थांबले. आणि आधी प्रत्येकाने मनगट वर करून घड्याळाचं बटण दाबलं, थांबलेला वेळ पळण्यात धरला जाऊ नये म्हणून. मग ह्यांच्याकडे पाहिलं.