शनिवारचं एक तिकीट

"एकच?" तिकीटखिडकीतल्या बाईंनी सवयीनं विचारलं.

"आज एक. उद्या दोन," दातवाले म्हणाले.

"म्हणजे आज सेन्सॉरची बैठक आहे तर!" बाई हसल्या. "नीट बघा हो. मागचा तुम्ही नापास केलात, आठवड्यात उतरला बिचारा."

दातवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते कवळ्या बनवत. दवाखान्यांतून तोंडांची मापं यायची आणि मागच्या खोलीत एकट्यानं बसून ते त्यांत दात बसवायचे. कित्येक म्हाताऱ्यांना त्यांनी चावायला आणि हसायला दात दिले, पण त्यांतल्या एकाचंही तोंड कधी पाहिलं नाही. कवळी एकदम पक्की करत नाहीत. आधी मेणात दात लावून द्यायचे, डॉक्टर ते तोंडात बसवून बघतो, कुठे टोचतंय ते सांगतो, मग पुढचं काम. सिनेमालाही दातवाल्यांनी हाच नियम लावला होता. लेकीला दाखवायच्या आधी आपण जाऊन बघायचा.

ही अक्कल त्यांना ठेच लागूनच आली होती. लेक सहा वर्षांची होती. दातवाले नुकतेच वेगळे राहायला लागले होते, आणि एकाआड एक रविवार त्यांच्या वाट्याला आला होता. पोस्टरवर गोंडस खार दिसली म्हणून ते पोरीला घेऊन गेले. निम्म्या सिनेमात खारीचा बाप पुरात वाहून गेला, तो काही शेवटपर्यंत परत आला नाही. पोरगी त्यानंतर आठवडाभर झोपेत दचकून उठत होती.

"पोस्टर बघून नेतात का रे मुलांना?" तिची आई फोनवर म्हणाली होती. "परत असं झालं तर रविवार बंद. सांगून ठेवते."

तेव्हापासून दातवाल्यांनी शनिवार दुपार सिनेमाला वाहिली. मुलांच्या सिनेमाला एकटा आलेला पुरुष म्हणजे लोकांच्या नजरा आल्याच. आजही पुढच्या रांगेतल्या एका बाईनं वळून पाहिलं आणि आपल्या मुलीला उठवून पलीकडच्या खुर्चीवर बसवलं. दातवाल्यांना आता त्याची सवय झाली होती. म्हणजे वाईट वाटायचं ते वाटायचंच, फक्त आता ते मान खाली घालत नसत.

सिनेमावर बारा वर्षांवरच्या मुलांसाठी असं लिहिलं होतं, आणि लेकीचं नुकतंच बारावं संपलं होतं. गोष्ट एका पोहणाऱ्या मुलीची. बाप बसचालक, त्यानंच तिला पोहायला शिकवलेलं. मग ती आईबरोबर दुसऱ्या शहरात जाते. दातवाले मनातल्या मनात खुणा करत होते. शिवी एकच, तीही अर्धी गिळलेली. रक्त नाही. मुलगी एकदा पाण्याखाली जाते, पण लगेच वर येते. चालेल.

शेवटाकडे बाप घरी येतो, जेवायला दोन ताटं घेतो, मग क्षणभर थांबून एक ताट पुसून परत ठेवतो. बस, एवढंच. ना संवाद, ना गाणं. दातवाल्यांच्या डोळ्यांना धार लागली. दिवे लागले तरी त्यांना चटकन उठता येईना.

हा दाखवावा का? घरी जाताना त्यांनी बराच विचार केला. खरं सांगायचं तर विचार लेकीच्या वयाचा नव्हताच. तिनं तो बघावा असं त्यांना फार वाटत होतं. रविवारी तिला सोडून आल्यावर आपल्या राहत्या खोलीत काय होतं, हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. बापानं कसं सांगायचं आणि कुठल्या तोंडानं? तो बसचालक त्यांच्या वतीनं सांगणार होता. आपण नुसतं अंधारात शेजारी बसायचं. रात्री झोपताना त्यांनी सिनेमा पास करून टाकला.

रविवारी लेक आली ती मागच्या खेपेपेक्षा उंच दिसत होती.

"चल ठकी, आज मोठ्या माणसांचा सिनेमा!"

"बाबा, लोकांसमोर ठकी नको ना रे म्हणू." मग थेटराच्या दाराशी येऊन पोस्टर बघितल्यावर ती थबकली. "हा नको. आपण अस्वलाचा बघू."

"अस्वलाचा? अगं, तो बाळगोपाळांचा आहे. गेल्या वर्षी तसल्याच सिनेमाला तू नाक मुरडलं होतंस!"

"आज मला अस्वलाचाच बघायचाय."

"हा चांगला आहे गं. पोहण्याचा आहे."

"कंटाळवाणा आहे म्हणे."

दातवाल्यांचा पार हिरमोड झाला. एवढा मनाचा हिय्या केला होता, तो असा वाया गेला. तेवढ्यात तिकीटखिडकीतल्या बाईंनी हाक मारली, "काय सेन्सॉरसाहेब, कालचा पास ना?"

दातवाल्यांनी डोळ्यांनी खुणावेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. लेक त्यांच्याकडे बघत होती.

"तू काल बघितलास? हा?"

"सहज आपला. वेळ होता."

"एकटाच?"

"मग काय वरात घेऊन जाऊ?"

ती हसली नाही. अस्वलाची दोन तिकिटं तिनंच मागितली. आत अस्वल मधाच्या पिंपात पडलं, थेटरभर पोरं खिदळली, पण लेक पडद्याकडे कमी आणि बापाकडे जास्त बघत होती. जरा वेळानं तिनं त्यांच्या हाताला विळखा घातला. सहा वर्षांची असताना घालायची तसा. तेव्हा घाबरली की ती असं करायची, हे तिला आठवत असेल का, असं दातवाल्यांच्या मनात आलं.

संध्याकाळी फाटकाशी तिची आई उभी होती.

"कुठला बघितलात?"

"अस्वलाचा. मी पोहण्याचा म्हणत होतो, पण बाईसाहेबांना पसंत नाही."

"कसा पसंत पडेल? मैत्रिणींबरोबर गेल्याच आठवड्यात बघून आलीय. आल्यापासून रडरड रडली, जेवली नाही धड. सारखं आपलं, बाबा काय करत असेल गं, बाबा जेवला असेल का गं..."

"आई! गप्प बस ना!" लेक ओरडली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

तिच्या आईला आपण नको ते बोलून गेलो हे कळलं असावं, ती किल्ली शोधत आत निघून गेली. लेकीनं तो आधी बघितला होता. कुठे टोचतोय ते पाहिलं होतं. आणि हा आपल्या बापाला झेपायचा नाही, असं ठरवून टाकलं होतं. आणि बाप म्हणत होता, तिला कळू दे. तिला कधीचंच सगळं कळलेलं होतं.

"बाबा," लेक खाली बघत म्हणाली, "यापुढे सिनेमा मी ठरवत जाईन. तू आधी जाऊन बसायचं नाहीस. एकट्यानं तर नाहीच."

"बरं."

"शपथ?"

"शपथ. जा आता, आई वाट बघतेय."

त्या रात्री दातवाल्यांनी एकच ताट घेतलं आणि त्यातलं सगळं संपवलं. जेवलास का म्हणून तिनं विचारलं, तर खोटं बोलायला लागू नये.

पुढचा त्यांचा रविवार जवळ आला. आदल्या दिवशी दुपारी काम आटोपलं, हात धुतले, आणि पाय आपोआप थेटराकडे वळले. नवा सिनेमा लागला होता. त्याच्यावर दहा वर्षांवरच्या मुलांसाठी असं लिहिलं होतं. दातवाल्यांनी ते दोनदा वाचलं.

"एकच?" बाईंनी तिकीट फाडायला हात पुढे केला.

"नाही. आज नको."

"अहो, मग सेन्सॉर कोण करणार?"

"माझ्या वरचे साहेब आलेत आता," दातवाले म्हणाले. ते मागे वळले आणि चांगले ताठ चालत निघाले. कोपऱ्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की उद्या सकाळपर्यंत आपल्याला कुठेच जायचं नाही.