नर्सबाईंची उशी

आठवडाभर गादीवाला ज्या गोष्टीची जाहिरात करायचा, तिचाच रविवारी त्याला संताप यायचा. कारखान्याच्या दारावरची पाटी त्याने स्वतः रंगवली होती: 'पाठ टेकली की डोळा लागलाच.' आणि रविवारी सकाळी त्याच कारखान्यात, कापूस पिंजायचं यंत्र ताडपत्रीने झाकून तो उपदेशाला उभा राहिला, की समोरच्यांची पाठ टेकायची आणि डोळा लागायचा.

त्याच्या मते यात सगळी चूक बायकोची होती. कारखान्यातच छोटी ख्रिस्ती मंडळी सुरू करून दर रविवारी उपासना घ्यायचं ठरलं तेव्हा खुर्च्या घ्यायची ऐपत नव्हती. आपल्याकडे बसायला काय कमी आहे, असं म्हणून तिने विक्रीच्या गाद्या भिंतीला लावून मांडल्या आणि वर धुतलेल्या चादरी घातल्या. पहिल्या रविवारी शेजारपाजारचे, नात्यातले बरेच जण आले. गीतं दणक्यात झाली. गादीवाल्याला वाटलं, आता काय, बघता बघता जागा अपुरी पडणार. मग उपदेश सुरू झाला. माल चोख होता. सगळ्यात आधी त्याचा सख्खा मेहुणाच घोरायला लागला.

गादीवाला हार मानणाऱ्यातला नव्हता. त्याने आवाज चढवला. झोपलेले काही उठले नाहीत, पण तान्ही मुलं दचकून रडायला लागली. त्यांच्या आया त्यांना घेऊन बाहेर गेल्या, त्या गेल्याच. मग त्याने गाद्या माळ्यावर टाकल्या आणि जुन्या फळ्यांचे बाक ठोकून घेतले. स्वतः बसून पाहिलं तेव्हा कंबर धरून उठला, पण बाक बदलले नाहीत. देवाच्या घरात माणसाने जागं राहायला नको का? मुद्दा बिनतोड होता, फक्त तो ऐकायला माणसं उरेनात. कुणाची पाठ धरली, कुणाकडे नेमके रविवारीच पाहुणे यायला लागले. मेहुणा तर शहरातल्या मोठ्या मंडळीत जायला लागला. तिथे मऊ खुर्च्या होत्या आणि गाडी लावायला जागाही होती.

शेवटी बायको सोडून उरल्या त्या एकट्या नर्सबाई. रात्रपाळी संपवून त्या थेट यायच्या. पांढऱ्या कपड्यांवर स्वेटर, पायात वॉर्डातले आवाज न करणारे बूट. गीतं उभ्याने म्हणायच्या, प्रार्थनेला मनापासून मान खाली घालायच्या. आणि उपदेशाचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत यंत्राच्या ताडपत्रीला डोकं टेकून गाढ झोपायच्या. फळी काय, लोखंड काय, त्यांना सगळं सारखंच. बायकोने एका रविवारी त्यांच्या डोक्यामागे हळूच एक उशी सरकवली. पुढच्या रविवारी गादीवाल्याने ती उपासनेआधीच उचलून माळ्यावर ठेवली. त्याच्या पुढच्या रविवारी ती पुन्हा खाली आली होती. एक अक्षर न बोलता नवरा-बायकोचं हे भांडण किती तरी महिने चाललं होतं.

वरवर तो चिडका दिसायचा, पण आतून तुटत चालला होता. गादीत ठरावीक अंतरावर गाठी मारतात, नाहीतर कापूस एका बाजूला गोळा होतो. मोठ्या सुईने तो एकेक गाठ मारायचा आणि येईनासं झालेल्या एकेका माणसासाठी देवाजवळ मागायचा. ही गाठ पलीकडच्या शिंप्यासाठी, ही त्याच्या आजारी आईसाठी, ही मेहुण्यासाठी, जरा जास्त आवळून. तालुक्यातल्या कितीतरी घरांत माणसं त्या गाठींवर निवांत झोपत होती आणि त्यांना याचा पत्ता नव्हता. पण कोणी परत येत नव्हतं. देवाने आपल्याला बोलावलं, असं आपण सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं, ते बोलावणं आपल्यालाच नुसतं भासलं असेल का, या विचाराने त्याची सुई हातातच राहायची.

शनिवारी मेहुणा आला. त्याने दाजींना समजावलं की हट्टालाही सीमा असते. मोठ्या मंडळीत प्रार्थनेच्या गटात त्यांना घ्यायला सगळे तयार होते. गादीवाल्याने बराच वेळ सुतळीचा गुंता सोडवला. मग म्हणाला की उद्याची उपासना शेवटची, उद्या नर्सबाईंना तसं सांगतो आणि पुढच्या रविवारपासून तुझ्याबरोबर येतो. बायको आत रुमालाला इस्त्री करत होती. तिने ऐकलं आणि इस्त्री एकाच जागी जरा जास्त फिरली.

रविवारी मेहुणा स्वतः हजर झाला, दाजींचा विचार बदलायला नको म्हणून. मागच्या बाकावर कंबर सांभाळत बसला. नर्सबाई आल्या. उशी जागेवर होती, आज गादीवाल्याने ती हलवली नव्हती. आता हलवून तरी काय करायचं होतं?

उपदेशाला त्याने बायबलमधली वादळातल्या होडीची गोष्ट घेतली होती. लाटा उसळतात, होडीत पाणी शिरतं, शिष्य घाबरतात. घाबरणाऱ्यांना दोन शब्द सुनावायचे आणि तिथूनच निरोपाकडे वळायचं, असं त्याने ठरवलं होतं. लाटांपर्यंत तो नीट आला. मग समोर बघितलं. नर्सबाईंचा चष्मा नाकावरून घसरला होता आणि तोंड जरासं उघडं होतं. 'आजपासून आपण' एवढंच त्याच्या तोंडून बाहेर पडलं आणि वाक्य तिथेच अडलं. कारखाना एकदम शांत झाला.

नर्सबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या. चष्मा सावरत, इकडेतिकडे बघत त्यांनी विचारलं, "कुठला बेड?"

मग बाक, ताडपत्री, पास्टरची बायको असं एकेक त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या ओशाळून खाली बसल्या.

"माफ करा," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे आवाज थांबला की धावावं लागतं."

इतके महिने गादीवाल्याच्या मनात साचलेला प्रश्न आता बाहेर आला, पण त्यात राग उरला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बाई, झोपायचंच असतं तर तुम्ही घरी का नाही झोपत?"

"घरी झोप येत नाही, पास्टर. हे गेल्यापासून घर अगदी गप्प असतं. डोळे मिटले तरी कान जागेच. इथं तुम्ही बोलत असता ना, मग वाटतं, आता दुसरं कोणीतरी जागं आहे. माझी पाळी संपली." त्यांनी उशी मांडीवर घेऊन तिची खोळ सारखी केली. "पण हे बरं दिसत नाही, कळतं मला. पुढच्या रविवारी चहा पिऊन येईन. नाही झोपणार."

पुढच्या रविवारी! गादीवाल्याने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा आपल्या बुटांकडे बघत होता. बायकोने पदर डोळ्यांना लावला होता आणि तो लपवायचीही तसदी तिने घेतली नव्हती. गाठी मारून ज्यांना तो परत मागत होता ते आले नव्हते. पण जी बाई न चुकता येत होती, तिच्या डोक्याखालची उशी तो पुन्हा पुन्हा काढून घेत होता. त्याला स्वतःची फार लाज वाटली, आणि त्या लाजेतही फार हलकं वाटलं.

"चहा नका पिऊ," तो म्हणाला. "झोपा तुम्ही. मी आहे जागा."

बायको माळ्यावर चढलीच होती. तिने वरून गादी सोडली, ती मेहुण्याला धावत येऊन झेलावी लागली. एक झाली, मग दुसरी. नर्सबाईंनी आधी नको नको म्हटलं, मग बूट काढले.

गादीवाल्याने होडीची गोष्ट पुन्हा धरली, या वेळी हळू आवाजात, घरातल्या घरात बोलावं तशी. वादळ सुरू होतं आणि प्रभू येशू होडीच्या मागच्या बाजूला झोपला होता, उशी घेऊन. इथे तो थबकणार होता, पण नर्सबाईंची आठवण होऊन बोलतच राहिला. जन्मभर उशा शिवल्या आणि ही एक उशी आपल्याला कधी दिसली नाही, असं तो म्हणाला. त्या होडीत कोणीतरी ती आठवणीने आणून ठेवली असणार. बायकोकडे बघायचं त्याने टाळलं, पण सांगितलं ते तिलाच.

वादळ शमलं, होडी काठाला लागली, उपदेश संपला. नर्सबाई मात्र नुकत्याच कुशीवर वळल्या होत्या. थांबायची सोय नव्हती. मग गादीवाल्याने त्यांच्या वॉर्डातल्या सगळ्या रोग्यांसाठी प्रार्थना केली. शिंप्यासाठी केली, त्याच्या आईसाठी केली, बाहेर गेलेल्या सगळ्या आयांसाठी आणि त्यांच्या तान्ह्या मुलांसाठी केली. तीही संपली, तेव्हा त्याच भक्तिभावाच्या सुरात तो देवाला उद्याची कामं सांगायला लागला: कापूस ओला आलाय, तो वाळवायला हवा, खोळी अजून शिवून आल्या नाहीत, यंत्राचा पट्टा सैल झालाय. बायको तोंडावर पदर दाबून हसत होती. दुसऱ्या गादीवर मेहुणा केव्हाच घोरायला लागला होता. आता मोठ्या मंडळीत येत नाही, हे त्याला वेगळं सांगायची गरज उरली नव्हती.

ऊन दारातून आत आलं, यंत्रापर्यंत पोचलं. गादीवाल्याचा घसा बसत आला होता. बायकोने पाण्याचा तांब्या आणून दिला, तेव्हा दोन घोटांच्या मध्येही तो काहीतरी पुटपुटत राहिला. आमेन तेवढं त्याने राखून ठेवलं होतं.