वेंगुर्ल्यातला कोल्हापूरचा काळा गुलाब

मित्रांनो, माझ्यासमोर समुद्र दिसतो म्हणून मला किनाऱ्यावरचा समजू नका. मी एक जुना गुलाब आहे आणि माझं गाव कोल्हापूर. वेंगुर्ल्याच्या या अंगणात मी म्हातारा झालो. खोड वाळल्या लाकडासारखं झालं, काटे मात्र शाबूत आहेत आणि स्वभावही तसाच राहिला आहे. माझी फुलं इतकी गडद लाल की सावलीत काळीच दिसतात. म्हणून सगळे मला काळा गुलाब म्हणतात.

कसबा बावड्यात गणपतराव नावाचे शेतकरी होते. घरात त्यांना अप्पा म्हणत. एका बंगल्याच्या कुंपणाची छाटणी चालली होती, तिथून माझी टाकून दिलेली फांदी त्यांनी उचलून आणली आणि गोठ्यामागच्या काळ्या मातीत खोचली. शेणखत होतं, पाणी होतं, मी रुजलो. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला आणि सगळ्या गावात गोडसर वास भरला, तेव्हा मला पहिली कळी आली. ती बघून अप्पांच्या बायकोनं, धोंडुबाईंनी, कपाळाला आठ्या घातल्या.

"काळं फूल दारात नगं. देवाला चालत न्हाय, डोक्यात घालाय येत न्हाय. काय करायचं त्याचं?"

"बघायचं की!" अप्पा हसून म्हणाले.

मला रोज बघायला येणारं एकच माणूस होतं, त्यांची मुलगी नंदिनी. संक्रांतीला काळ्या रंगाला मान असतो, तेवढ्या एका दिवशी ती काळी चंद्रकळा नेसून माझं फूल केसात माळायची. मग धोंडुबाईही काही बोलत नसत. त्या दिवशी मला जो ताठा चढे तो पार होळीपर्यंत उतरत नसे.

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या वर्षी नंदिनीचं लग्न ठरलं. जावई जोतीराम चंदगडचे, पण नोकरी वेंगुर्ल्याच्या कचेरीत. अप्पांनी मला मुळासकट उकरलं, डालड्याच्या रिकाम्या डब्यात बसवलं आणि लेकीच्या हातात दिलं. धोंडुबाई रडता रडता चिडल्या, "सासरी जाताना काळं फूल देत्यात व्हय?" अप्पा म्हणाले, "तिला आवडतंय न्हवं? जाऊ दे." आंबोलीचा घाट उतरताना एस.टी.त मी नंदिनीच्या मांडीवर होतो. ती खिडकीबाहेर बघत होती आणि डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता.

मित्रांनो, समुद्र लांबून छान दिसतो. त्याच्या वाऱ्यात मीठ असतं. त्या वाऱ्यानं माझ्या पानांच्या कडा करपल्या. खालची माती वाळूची, ओतलेलं पाणी क्षणात गायब. पहिल्या उन्हाळ्यात माझी नुसती काटकी उरली. नंदिनीचंही तसंच झालं होतं. ओळखीचं कुणी नाही, बोली निराळी, जेवण निराळं. पण ती हरली नाही आणि तिनं मलाही हरू दिलं नाही. शेजारणींकडून ती शिकली. समुद्राच्या बाजूनं तिनं माडाच्या विणलेल्या झापांचा आडोसा उभा केला. वारा पडला की विहिरीच्या गोड्या पाण्यानं माझं पान न् पान धुवायची. मासळी धुतलेलं पाणी मुळाशी ओतायची. कोल्हापूरच्या शेणखतावर वाढलेला मी, पहिल्या दिवशी मला त्या वासानं मळमळलं. पण पुढच्या महिन्यात असा फुटवा आला की मी तक्रार गिळली.

आणि अप्पा दरवर्षी माती घेऊन यायचे. खरंच, शेतातल्या काळ्या मातीचं पोतं! एस.टी.च्या टपावर टाकून. कंडक्टर विचारायचा, "पावणं, वेंगुर्ल्यात माती न्हाय व्हय?" हे अप्पा स्वतःच सांगून हसायचे. पहिल्या पावसाळ्यात त्या मातीचा चिखल होऊन माझी मुळं कुजायला लागली, तेव्हापासून नंदिनी तीत वाळू मिसळू लागली. तिकडची माती आणि इकडची वाळू एकत्र आली आणि माझं बस्तान बसलं. फुलं बघायला लोक फाटकाशी थांबू लागले.

अप्पा आले की नंदिनी पहाटेपासून रांधायची. पण त्या काळी एक रीत होती. लेकीला मूल होईतोवर बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. अप्पा रीतीला पक्के. रात्र ते स्टँडवरच्या बाकड्यावर काढत आणि सकाळी घरी येत. माझं आळं खणत, माती भरत, आणि माझ्याच शेजारी बसून गाठोड्यातली भाकरी आणि खरडा खात. पाणी फिरकीच्या तांब्यातून घरूनच आणलेलं असे. नंदिनीच्या सासूबाई, अंबूबाई, दारातून म्हणत, "पावणं, च्या तरी घ्या." अप्पा हात जोडत, "नगं विहीणबाई. पुढं हायच की."

पुढं काही झालं नाही. वर्षं गेली, घरात पाळणा हलला नाही. अंबूबाई नवस बोलल्या, जोतिबाला जाऊन आल्या. मग एक दिवस त्यांची नजर माझ्यावर गेली. "ह्ये काळं झाड आल्यापास्नं असं हाय. उपटून टाक." नंदिनी माझ्यापुढं येऊन उभी राहिली. मी वाचलो. पण मित्रांनो, तेव्हा मला माझ्या रंगाची लाज वाटली. हे सगळं खरंच माझ्यामुळं झालं असेल का, असं वाटून त्या मोसमात मला धड फुलताही आलं नाही.

अप्पा अंगणात भाकरीचं गाठोडं सोडून बसले की रस्त्यावरच्या बायका त्यांच्याकडे बघत, मग एकमेकींकडे बघत आणि पुढं जात. अप्पांना ते कधी दिसलंच नाही. त्यांची नजर माझ्या फांद्यांवर असायची. नंदिनीला मात्र सगळं दिसायचं. एका वर्षी तिच्यानं राहवलं नाही.

"अप्पा, एक बोलू?"

"बोल की."

"तुमी हितं बसून भाकरी खाता, तवा सगळी गल्ली बघती. मला पोर न्हाय, हे तुमी दर साली अंगणात बसून सांगताय."

अप्पांचा घास हातातच राहिला. "अगं, तुजा मान ऱ्हावा म्हणूनच करतोय मी."

"ठावं हाय मला. पर आत पान वाढलंय. चला."

अप्पांनी दाराकडं पाहिलं. उठतील असं मला वाटलं. गुडघ्यावर हात टेकलेसुद्धा होते. मग ते पुन्हा खाली बसले. "वाडवडलांची रीत हाय बाई, अशी एकदम कशी मोडू? पुढच्या खेपंला जेवतो. नक्की जेवतो." नंदिनी आत गेली आणि वाढलेलं पान तिनं झाकून ठेवलं.

पुढच्या वर्षी अप्पा आले नाहीत. लावण लांबली, असा निरोप आला. त्याच्या पुढच्या वर्षी आले ते पुतण्याचा, आकारामचा, हात धरून. मी त्यांना ओळखलंच नाही. अंग पार वाळलेलं, आवाज घोगरा. घशाला असाध्य दुखणं जडलं होतं, भाकरी सुटून महिने झाले होते. आकारामनं मातीचं पोतं उतरवलं, पण अप्पांनी खुरप्याला हात लावला नाही.

"नंदे, पान वाढ. आत नगं. हितंच वाढ, रस्त्याकडं तोंड करून बसतो."

नंदिनीनं जे जे येत होतं ते सगळं केलं. भात, आमटी, सोलकढी, तळलेली सुरमई. अप्पांनी भात कालवला. किती वेळ कालवत होते! एक घास तोंडात घातला. तो उतरेना. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी पान उचलू दिलं नाही. शेवटी नंदिनीनं पेज आणून दिली. तिचे दोन-चार घोट कसेबसे गेले. रस्त्यावर बायका थबकल्या होत्या. अप्पांनी होता नव्हता तेवढा जोर लावून हाक मारली, "विहीणबाई, लेकीच्या घरी जेवलो बरं का!"

अंबूबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पोटभर जेवा, पावणं! घर तुमच्या लेकीचंच हाय."

नंदिनी माझ्या आडोशाला उभी होती. तिनं माझी फांदी घट्ट धरली होती. मला माझे काटे आत ओढून घेता आले असते तर किती बरं झालं असतं! पण ती काही सोडेना.

तिन्हीसांजेच्या एस.टी.नं अप्पा गेले. दिवाळीच्या आधी कोल्हापूरहून तार आली. ती घेऊन नंदिनी माझ्यापाशी बसली आणि म्हणाली, "भरलं पान तसंच राहिलं रे." त्यानंतर काळी माती आली नाही. आहे ती दर पावसात थोडी थोडी वाहून जाते. माझी फुलं लहान झाली, फाटकाशी कुणी थांबत नाही. याचं मला फार वाईट वाटत नाही. झाडाचं तसंच असतं.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात, म्हणून एवढंच मागतो. तुमच्यासाठी कुणी पान वाढून वाट बघत असेल तर उठा आणि जेवायला बसा, पुढच्या खेपेचा वायदा करू नका. मला कुणी महिनाभर पाणी घालायला विसरलं, तरी उशिरा घातलेल्या पाण्यावर मी बुडातून पुन्हा फुटतो. माणूस असा पुन्हा फुटत नाही.