फुलं गळत होती आणि मी ड्रॉवरमध्ये होतो

मित्रांनो, मी एक जुना ट्रिमर आहे, केस कापायचा, विजेवर चालणारा. माझा जन्म कारखान्यातला, पण आयुष्य गेलं सलूनच्या आरशासमोर. सलूनवाले काका मला तेल पाजायचे, ब्रशने अंग झाडायचे. माझ्या घरघरीने एखादं गिऱ्हाईक दचकलं की म्हणायचे, "घाबरू नका, मान जागेवरच आहे!" तेव्हा मला फार ऐट वाटायची.

पुढे काकांचे गुडघे कुरकुरू लागले. सलून बंद झालं आणि मी त्यांच्या गॅलरीतल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये येऊन पडलो. ड्रॉवरच्या फटीतून मला काचांनी बंद केलेली गॅलरी दिसे आणि काकूंचं टोमॅटोचं रोप दिसे. काकूंची ताई वारली, तेव्हा तिच्या डब्यात उरलेलं शेवटचं बी काकूंनी लावलं होतं. याला फळ धरलं तरच पुढे बी मिळणार होतं.

रोप झकास वाढलं, पिवळ्या फुलांनी भरलं. आणि फुलं देठासकट गळू लागली.

काकू हवालदिल झाल्या. कधी पाणी जास्त, कधी खत जास्त. पानं माजली, फुलं गळतच राहिली. धूळ नको म्हणून काचा मात्र घट्ट लावलेल्या. दुपारी आत नुसती भट्टी व्हायची.

"ताईची आठवण माझ्या हातून जाणार हो," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"अगं, पाणी घाल की," काका म्हणाले.

"अजून किती घालू? बुडवू का त्याला?"

मी आत पडून ऐकत होतो. ओरडावंसं वाटे, पण वीज नसेल तर माझ्या तोंडून चकार शब्द निघत नाही.

एका सकाळी शेजारचे मास्तर केस कापून घ्यायला आले. काकांनी मला बाहेर काढलं आणि मास्तरांना काळी चादर पांघरवून रोपाशेजारी बसवलं. इतक्यात आत फोन वाजला. मला चालूच ठेवून, रोपाला आधार दिलेल्या काठीला टांगून काका गेले. मी थरथरत होतो, काठी थरथरत होती, फुलंही थरथरत होती.

"वहिनी, हे काय सांडलं माझ्यावर?" मास्तर ओरडले. काळ्या चादरीवर पिवळी भुकटी पडली होती.

काकू बघतच राहिल्या. "अगंबाई, हा तर फुलातला पराग! इथे ना वारा, ना भुंगा. बिचारा सुटणार कसा, आणि फळ धरणार कसं?"

मग काका रोज सकाळी मला चालू करून काठीला टेकवू लागले. बरीच फुलं तरीही गळली, पण एक टिकलं. त्याच्या जागी हिरवा मणी दिसला, तेव्हा काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला रडू यायचंच बाकी होतं.

मग काका म्हणाले, "अगं, काचाच उघड्या ठेव ना!" काचा उघडल्या. वारा आला, भुंगे आले. फळं लाल झाली आणि ताईच्या डब्यात पुन्हा बी आलं. मला आनंद झाला, अगदी मनापासून. पण माझं काम संपलं होतं. काकांनी मला पुसून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि या वेळी जोर लावून तो पुरता बंद केला.

मित्रांनो, फुलं गळाली तर रोपावर खतपाण्याचा मारा करू नका. आधी बघा, त्याला वारा लागतो का, कुणी त्याला हलवतं का. आणि तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी पडून असेल, तर त्यालाही अधूनमधून चालवून बघा. इथे फार अंधार आहे. बाहेर भुंगा गुणगुणतो, आणि क्षणभर मला वाटतं, मीच चालू झालोय.